शिक्षकांचा दृष्टिकोन आणि प्राथमिक शाळेतल्या मुलांचा अभ्यास: खानदेशातून वारंवार येणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतले पालक, शिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समित्यांचे सदस्य वर्षभर प्रश्न पाठवत असतात. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. नावं-गावं काढली आहेत, भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. पहिली ते पाचवीपुरतंच हे लिहिलं आहे. सगळं वाचायला वेळ नसेल तर प्रश्न २ आणि ५ तरी वाचा.

१. शिक्षकाचा ‘दृष्टिकोन’ म्हणजे नक्की काय? आमचे गुरुजी स्वभावाने फार चांगले आहेत. मग झालं ना?

स्वभाव वेगळा, दृष्टिकोन वेगळा. या पोराला हे जमेल की नाही, याबद्दल शिक्षकाने मनाशी बांधलेलं मत म्हणजे दृष्टिकोन. त्याला लागूनच आणखी दोन गोष्टी येतात. तो विषय शिक्षकाला स्वतःला आवडतो की नकोसा वाटतो? आणि आपल्या शिकवण्याने काही फरक पडतो असं त्याला वाटतं, की सगळं पालथ्या घड्यावर पाणी?

“असू दे बेटा, तुला नाही जमणार, तू आपलं चित्र काढ,” असं प्रेमाने म्हणणारे शिक्षक आपण सगळ्यांनी पाहिलेत. त्या मुलाचं नुकसान ओरडणाऱ्या शिक्षकाच्या हातून होतं तेवढंच होतं. फक्त ते घरी कळत नाही, कारण पोरगं हसत घरी येतं. उलट आवाज चढा असलेल्या, पण शेवटच्या रांगेतल्या पोराचीही वही रोज उघडून बघणाऱ्या बाईंच्या वर्गात मुलं वाचायला लागतात. आवाज चढा असलेलाच बरा, असा याचा अर्थ काढू नका. मारण्या-रागावण्याबद्दल प्रश्न ९ पाहा.

२. शिक्षकाच्या मनात काय आहे ते मुलाच्या मार्कांपर्यंत पोचतं कसं? मनातलं कुणाला दिसतं?

पोरांना दिसतं. एक प्रसंग बघा. दुसरीचा वर्ग, फळ्यावर ३४ वजा ८. बाई विचारतात, “चारातून आठ जातात का?” पुढच्या रांगेतून तीन-चार हात वर होतात. बाई तिसऱ्या रांगेतल्या एका मुलाचं नाव घेतात. तो उभा राहतो, शर्टाचं टोक बोटाभोवती गुंडाळतो, ओठ हलायला लागतात. तेवढ्यात बाई “बस” म्हणतात आणि पुढच्या मुलीकडे वळतात. ती म्हणते, “जातात.” चुकलं. पण बाई तिच्यापाशी थांबतात. “परत बघ. तुझ्याकडे चार गोट्या आहेत. आठ देता येतील का?” मुलगी छताकडे बघते, हसते, बरोबर सांगते. “शाब्बास!”

बाईंना विचारलंत तर त्या खरंच सांगतील की दोघांनाही प्रश्न विचारला. पण एकाला विचार करायला वेळ मिळाला नाही आणि दुसरीला चुकल्यावर आधार मिळाला. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस शाळा भरते. हेच रोज होत राहिलं तर मार्चमध्ये दोघांच्या वह्यांत काय फरक दिसेल, याचा अंदाज कुणालाही करता येईल.

या गोष्टी वर्गात बसून मोजलेल्या आहेत. जेरे ब्रॉफी आणि थॉमस गुड यांनी अमेरिकेतल्या पहिलीच्या वर्गांत बसून केलेल्या नोंदी १९७० साली प्रसिद्ध झाल्या. ज्यांच्याकडून अपेक्षा जास्त, त्यांचं उत्तर चुकलं की शिक्षक प्रश्न पुन्हा विचारत, सोपा करून देत. बाकीच्यांचं चुकलं की पुढे जात. मेरी बड रो यांनी शिक्षक उत्तरासाठी किती वेळ थांबतात ते मोजलं, तर सरासरी एक सेकंदाच्या आसपास भरलं. हा वेळ तीन सेकंदांवर नेला की उत्तरं लांब येऊ लागली, ‘येत नाही’ कमी झालं आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. तीन सेकंदांना खर्च काहीच नाही. करून बघा मात्र. वर्गात ते फार लांब वाटतात.

बाकीचे रस्तेही असेच साधे: कुणाला पुढे बसवलं, कुणाला नुसतं फळ्यावरचं उतरवायला सांगितलं, कुणाला धडा मोठ्याने वाचायला दिला, पाहुणे आले की कुणाला उभं केलं.

३. याला काही पुरावा आहे, की शिक्षकदिनाच्या भाषणातलं वाक्य आहे?

पुरावा आहे, पण भाषणात सांगतात तेवढा मोठा नाही. सगळ्यात गाजलेला प्रयोग रॉबर्ट रोझेन्थल आणि लेनोर जेकबसन यांचा, १९६८ साली प्रसिद्ध झालेला. कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेत सगळ्या मुलांची चाचणी घेतली आणि शिक्षकांना सांगितलं की यातली अमुक मुलं यंदा झपाट्याने पुढे येणार आहेत. ती नावं, म्हणजे साधारण पाचातलं एक मूल, खरं तर चिठ्ठ्या काढल्यासारखी निवडली होती. वर्षअखेरीस पहिली-दुसरीतल्या त्या मुलांचे गुण इतरांपेक्षा जास्त वाढलेले दिसले. वरच्या वर्गांत फारसा फरक पडला नाही.

प्रेरणादायी व्याख्यानं इथेच थांबतात. पुढचं असं की या प्रयोगावर जोरदार टीका झाली. रॉबर्ट थॉर्नडाइक यांनी त्या चाचणीच्या आकड्यांवरच बोट ठेवलं. १९८४ साली स्टीफन रॉडेनबुश यांनी असे १८ प्रयोग एकत्र तपासले. शिक्षक मुलांना आधीपासून दोन आठवड्यांहून जास्त ओळखत असतील, तर बाहेरून सांगितलेल्या अपेक्षेचा परिणाम जवळजवळ उरत नाही, असं त्यांना दिसलं. २००५ साली ली जुसिम आणि केंट हार्बर यांनी तोवरचं सगळं संशोधन चाळलं. त्यांचा निष्कर्ष असा की परिणाम खरा आहे पण साधारणपणे लहान आहे, आणि शिक्षकांचे अंदाज बरेचदा बरोबरच असतात. मात्र समाजात आधीच खाली लेखल्या गेलेल्या गटांतल्या मुलांवर तो जास्त होऊ शकतो.

आमच्या दृष्टीने यातलं शेवटचं वाक्य महत्त्वाचं. प्रश्न ५ आणि ७ त्याबद्दलच आहेत. आणि दोन आठवड्यांची गोष्ट लक्षात ठेवा, ती शेवटच्या प्रश्नात लागेल.

४. म्हणजे पोरगं मागे पडलं की चूक शिक्षकाचीच?

नाही. अक्कलकुवा, धडगाव, तळोदा भागातली कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात, पोरं सोबत जातात. पाच महिने शाळेबाहेर असलेल्या मुलाचं वाचन मागे राहिलं तर त्याला शिक्षकाची नजर कारण नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत जळगाव-धुळ्याच्या गावांतही हजेरी घसरते. सकाळी उपाशी आलेलं मूल खिचडीच्या वासाकडे लक्ष देणार, पाढ्यांकडे नाही.

कधी कारण अगदीच वेगळं निघतं. फळ्यावरचं उतरवताना शेजाऱ्याच्या वहीत डोकावणारं मूल ‘कॉपी करतं’ असा शिक्का बसतो, आणि त्याला चष्मा लागलेला असतो. ‘ऐकत नाही’ असं ज्याच्याबद्दल म्हणतात त्याच्या कानातून पू येत असतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत तपासणीला येतं. त्या दिवशी तुमचं मूल शाळेत हजर राहील एवढं बघा, आणि संशय आहे तो गुरुजींना आधी सांगून ठेवा.

कारणं बाहेरची असतानाही दृष्टिकोनाचा प्रश्न संपत नाही. मार्चमध्ये परत आलेल्या मुलाकडे बघून “आलं का हे, आता आमचा निकाल खाली” म्हणायचं, की “कुठपर्यंत आठवतंय बघू” म्हणायचं, हे शिक्षकाच्याच हातात असतं.

५. आमच्या घरात अहिराणी बोलतात. शाळेतल्या बाई म्हणतात, घरी शुद्ध मराठी बोला, नाहीतर पोरगं मागे राहील. खरं आहे का?

घरची बोली सोडू नका. हाच प्रश्न यावल-रावेरकडून लेवा बोलीबद्दल येतो, शहाद्याकडून गुजर बोलीबद्दल, शिरपूर-चोपड्याच्या सातपुड्यातल्या पाड्यांवरून पावरीबद्दल, नवापूरहून मावचीबद्दल.

बोलीमुळे मूल मागे पडत नाही. बोलीकडे शाळा कशी बघते त्यामुळे पडतं. पहिलीतल्या मुलाला बाई विचारतात, “तुझे वडील कुठे गेले?” तो म्हणतो, “मना बाप वावरमा ग्या.” वर्ग हसतो. बाईही हसतात आणि म्हणतात, “असं नाही, नीट बोलायचं.” आता बघा, त्याला प्रश्न कळला होता, उत्तर बरोबर होतं, वाक्य पूर्ण होतं. पहिलीच्या भाषेच्या तासात यापेक्षा जास्त काय हवं? पुढच्या वेळी तो बोलणार नाही, आणि दिवाळीपर्यंत ‘अबोल आहे, प्रतिसाद देत नाही’ अशी नोंद होईल.

हाच प्रसंग दुसऱ्या तऱ्हेने होतो. बाई म्हणतात, “अस्सं, तुझे वडील शेतात गेले. काय पेरलंय शेतात?” दुरुस्ती झाली, प्रमाण मराठी कानावर पडली, आणि बोलणं पुढे गेलं. एवढीच युक्ती आहे: उत्तर बोलीत घ्यायचं, मराठीत परत म्हणायचं, हसायचं नाही, थांबवायचं नाही.

लिहिण्यातल्या चुकांचंही तेच. अहिराणी घरातलं मूल ‘पाणी’चं ‘पानी’ लिहितं, ‘डोळा’चं ‘डोया’, ‘काळा’चं ‘काया’. हा निष्काळजीपणा नव्हे, त्याच्या बोलीत ळ च्या जागी य येतोच. चूक नियमाने होते, म्हणून नियमानेच सुधारते. घरी काय म्हणतो आणि पुस्तकात काय लिहितो, अशा शब्दांच्या जोड्या पोरांकडूनच गोळा करून घ्या. त्यांना यात मजा येते, आणि आपली बोली शाळेच्या भिंतीवर लागलेली दिसते. शुद्धलेखनात दहापैकी दोन देऊन ‘अशुद्ध’ लिहिण्यापेक्षा हे बरं.

पावरी, भिली, मावची घरांतल्या मुलांची गोष्ट आणखी अवघड. अहिराणी आणि मराठी जवळच्या आहेत. कान सरावला की मूल चार-सहा महिन्यांत रुळतं. पाड्यावरचं मूल पहिलीत येतं तेव्हा त्याला बालभारतीचं वाक्य निम्मंही कळत नाही. मराठवाड्यातून किंवा कोकणातून बदलून आलेल्या शिक्षकाला त्याची भाषा येत नाही. दोघंही एकमेकांसमोर गप्प, पण ‘मंद’ ठरतं फक्त मूल. ज्या शिक्षकांनी पहिल्या महिन्यात ये, बस, पाणी, भूक, दुखतंय का, समजलं का एवढे शब्द पोरांकडूनच शिकून घेतले, त्यांच्या वर्गात जाऊन बसा. गुरुजी चुकीचा उच्चार करतात, पोरं खदखदतात, गुरुजी पुन्हा म्हणून बघतात. चुकलं तरी चालतं, हे पोरांना तिथे कळतं. चौथीतली एखादी मुलगी पहिलीला गोष्ट पावरीतून सांगते आणि गुरुजी तीच मराठीतून सांगतात, हेही चांगलं चालतं.

कायदा काय म्हणतो? शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २९: शिकवण्याचं माध्यम शक्य तिथवर मुलाची मातृभाषा असावं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेवर भर आहे. कानबाईची आणि गुलाबाईची गाणी जिला शेवटपर्यंत पाठ आहेत, त्या पोरीची स्मरणशक्ती कमी आहे असं प्रगतिपुस्तकात लिहायला धाडसच लागतं.

६. आमचे सर स्वतः अहिराणी घरातले. तरी वर्गात अहिराणीला तेच सगळ्यात जास्त टोकतात. असं का?

कारण त्यांना स्वतःला त्यासाठी कुणीतरी टोकलेलं असतं. डी.एड.ला, मुलाखतीला, पुण्याला गेल्यावर. ‘माझ्या पोरांवर ही वेळ येऊ नये’ हा हेतू असतो, आणि तो चांगलाच असतो. त्यांना प्रश्न ५ मधली पद्धत दाखवा. बोली येणाऱ्या शिक्षकाला ती सगळ्यात सोपी जाते, आणि एकदा पटली की तेच तिचा सगळ्यात जोरात प्रचार करतात.

७. आडनाव बघून गुण देतात का? स्पष्ट सांगा.

देणारे असतात, आणि बऱ्याचदा त्यांना स्वतःला ते कळत नाही. रेमा हॅना आणि ली लिंडन यांनी भारतात एक प्रयोग केला, तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. मुलांच्या उत्तरपत्रिकांवर जात, लिंग, वय ही माहिती खरी न टाकता वाटेल तशी टाकली आणि त्या तपासायला दिल्या. जिच्यावर खालची मानली जाणारी जात लिहिली होती, त्या उत्तरपत्रिकेला थोडे कमी गुण पडले. फरक छोटा होता, पण होता. आणि तो करण्यात स्वतः त्याच जातींतले तपासनीस पुढे होते. प्रश्न ६ इथे आठवेल.

दुसरा प्रयोग कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांचा, उत्तर प्रदेशातल्या गावांमधला. सहावी-सातवीतल्या मुलांना कागदावरची कोडी, वाट शोधायची, सोडवायला दिली. कुणाची जात कोणती हे माहीत नसताना सगळ्यांनी जवळपास सारखीच सोडवली. सगळ्यांसमोर नाव आणि जात वाचून दाखवल्यावर दलित मुलांची कोडी सुटण्याचं प्रमाण घसरलं. शिक्षकाने इथे काहीच केलं नव्हतं, फक्त जात मोठ्याने म्हटली गेली होती.

आता आपल्या शाळेतलं एक नेहमीचं वाक्य घ्या: “शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायचेत, एस.टी.ची मुलं उभी राहा.” हेतू मदतीचाच असतो. पण तेच काम यादी करून, पालकांना निरोप देऊन, मधल्या सुट्टीत एकेकाला बोलावून होतं.

तपासताना काय करावं: नाव झाकून तपासा, पहिलं पान उलटून ठेवा. एक प्रश्न सगळ्यांचा तपासा, मग दुसरा. पंचवीस-तीस पेपरांच्या वर्गात हे सहज जमतं. जातीवरून उघड अपमान होत असेल तर तो दृष्टिकोनाचा विषय उरत नाही; तो गुन्हा ठरू शकतो. तेव्हा प्रश्न १५ कडे जा.

८. मुलींना गणित जमत नाही, असं आमच्याकडच्या बाईच म्हणतात.

त्या बाईंना स्वतःला गणिताची भीती असेल तर ती मुलींकडे जाते. सायन बेलॉक आणि सहकाऱ्यांनी २०१० साली अमेरिकेतल्या पहिली-दुसरीच्या वर्गांबद्दल हेच दाखवलं: वर्षाच्या सुरुवातीला फरक नव्हता, पण गणिताला घाबरणाऱ्या शिक्षिकांच्या वर्गातल्या काही मुली वर्षअखेरीस ‘मुलगे गणितात हुशार असतात’ असं मानू लागल्या, आणि त्याच मुलींचे गणिताचे गुण कमी आले. मुलांवर तसा परिणाम दिसला नाही.

एक जोडप्रश्न आम्ही विचारतो: तुमच्या शाळेत झाडलोट, पाणी भरणं, पाहुण्यांना चहा कोण देतं? आणि विज्ञानाच्या साहित्याची पेटी कोण उघडतं?

९. आम्हाला तर छडीनेच शिकवलं आणि आम्ही शिकलो. ‘ढ’ म्हटल्याने जिद्द पेटत नाही का?

छडी खाऊन जे शिकले ते आज हा प्रश्न विचारायला आहेत. जे तिसरीत शाळा सोडून गुरांमागे गेले, ते विचारायला येत नाहीत. जिद्द पेटलेलं एखादं उदाहरण प्रत्येक गावात असतं, म्हणूनच ते उदाहरण म्हणून सांगितलं जातं.

कायद्यात संदिग्धता नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. ‘ढ’, ‘मठ्ठ’, ‘तुझ्या बापाने कधी पाटी पाहिली होती का’ ही वाक्यं मानसिक छळात मोडतात. शिस्तीला याची अडचण नाही. काम पूर्ण करून घेणं, जागा बदलणं, सुट्टीत पाच मिनिटं बसवून तेच गणित परत समजावणं यावर बंदी नाही.

शिक्षकदिनाला साने गुरुजींचं नाव घेतल्याशिवाय खानदेशात भाषण होत नाही. १९२४ ते १९३० ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये होते, वसतिगृहातल्या मुलांचं सगळं बघत होते. त्यांचं नाव घेऊन खाली उतरल्यावर हातात पट्टी असू नये, एवढीच अपेक्षा.

१०. मग कौतुकच करत राहायचं का?

कशाचं करता यावर आहे. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांचा १९९८ चा अभ्यास पाचवीच्या मुलांवरचा आहे. ‘तू हुशार आहेस’ असं ज्यांना सांगितलं, ती मुलं पुढे सोपं काम निवडू लागली आणि अवघड गणितं आल्यावर लवकर खचली. ‘मेहनत केलीस’ असं ज्यांना सांगितलं, ती टिकून राहिली. त्यामुळे ‘हुशार आहेस’पेक्षा ‘हातचा घ्यायला विसरली नाहीस’ हे जास्त उपयोगी. मूल चुकत असताना केलेलं खोटं कौतुक म्हणजे प्रश्न १ मधलं ‘असू दे बेटा’च.

११. वहीत सगळीकडे लाल फुल्या. मुलगा वही उघडायलाच तयार नाही. काय करू?

वही घेऊन त्याच्याशेजारी बसा आणि फुल्यांऐवजी उत्तरं बघा. तिसरीतल्या एका वहीतली ही तीन: ५२ − २७ = ३५. ६१ − ३८ = ३७. ४० − १६ = ३६. तिन्हींवर फुली, खाली ‘सराव करा’.

नीट बघा, हा मुलगा अंदाजपंचे लिहीत नाही. तो प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतो आहे. दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढले, पाच. त्याला वजाबाकी येते, दशक मोडणं येत नाही. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे करून एक गठ्ठा त्याच्या हाताने सोडवला तर तासाभरात वाट मिळते. ‘सराव करा’ या शेऱ्याने तो हीच चूक आणखी पन्नास वेळा करेल.

‘चूक म्हणजे कमी बुद्धी’ आणि ‘चूक म्हणजे मूल आत काय करतंय त्याची खूण’, या दोन दृष्टिकोनांतला फरक इतका ठोस असतो. शिक्षकांना फक्त “हे कसं केलंस?” एवढं विचारायची सवय लागली तरी पुष्कळ आहे. बरोबर उत्तरालाही विचारावं, नाहीतर हा प्रश्न आला की आपलं चुकलं, असं पोरं धरून चालतात.

१२. दोन शिक्षकी शाळा, चार वर्ग. प्रत्येकाकडे लक्ष देणं शक्य तरी आहे का? (शिक्षकांकडून येणारा प्रश्न)

सगळ्यांकडे सारखं नाही, हे मान्य. पहिली ते पाचवीत ६० मुलांपर्यंत दोनच शिक्षक मिळतात, त्यामुळे वाडी-पाड्यांवर हीच स्थिती राहणार.

इयत्तेऐवजी स्तराप्रमाणे बसवून दिवसाचा तास-दीड तास वाचन आणि गणित घेणं हा उपाय तुम्हाला माहीत आहे: प्रारंभिक, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. ‘प्रथम’ संस्थेने ही पद्धत रुजवली. मागे पडलेल्या मुलांना त्यांच्या पातळीवरून शिकवण्याचा फायदा होतो, हे अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्या भारतातल्या प्रयोगांतही दिसलं.

धोका एकच, आणि तो आपल्या विषयातला. गट कायमचे झाले की ‘अक्षरवाली पोरं’ ही नवी जात तयार होते. पंधरा दिवसांनी तपासा आणि गट हलवा. भाषेत मागे असलेलं मूल गणितात पुढच्या गटात बसू शकतं, हे पोरांनाही दिसू द्या.

आणि आठवड्यातून एक दिवस हजेरीच्या यादीपुढे खूण करा: आज कुणाला प्रश्न विचारला, चुकल्यावर कुणापाशी थांबलो. शेवटी कोऱ्या राहिलेल्या नावांकडे बघा. बहुतेकदा ती गैरहजर मुलांची नसतात.

१३. शिक्षकच कंटाळलेले असतात. माहिती भरा, फोटो टाका, निवडणुकीचं काम करा. त्यांना तरी किती बोलायचं?

खरी गोष्ट आहे. कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकांना बिगर-शैक्षणिक काम देता येत नाही. पण मतदारयाद्यांचं काम निवडणुकीतच मोडतं, पोषण आहाराचा हिशेब आणि ऑनलाइन माहिती ‘शाळेचंच काम’ म्हणून येते, आणि दिवस संपतो. थकलेल्या माणसाची नजर सगळ्यात आधी जाते ती चटकन उत्तर देणाऱ्या पोरांकडे. प्रश्न २ मधला एक सेकंद तिथूनच येतो. व्यवस्थापन समितीने केंद्रप्रमुखांपुढे मांडण्याजोगा हा विषय आहे. समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला; ठराव करायला कुणाची परवानगी लागत नाही.

१४. नापासच करत नाहीत, म्हणून शिक्षक लक्ष देत नाहीत, असं नाही का?

२०१९ च्या दुरुस्तीनंतर पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा, पुनर्परीक्षा आणि त्यानंतर त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली, आणि महाराष्ट्राने तसा नियम केला. पण पाचवीत कळून उपयोग काय? वाचन दुसरीत अडलेलं असतं. नापासाची भीती शिक्षकाला जागं करते, हा समज जुना आहे. पूर्वी नापास करत तेव्हाही शेवटच्या रांगेकडे कानाडोळा व्हायचाच. फरक इतकाच, की ती मुलं लवकर शाळा सोडत.

१५. सरांशी बोलायचंय. पण तक्रार केली तर राग पोरावर काढतील.

ही भीती सगळ्यात जास्त पालकांनी लिहिली आहे. तक्रारीने सुरुवात करू नका, वहीने करा. शाळा सुटल्यावर, इतर पालक नसताना: “सर, हे गणित तो घरी असं करतो, कुठे अडतंय जरा बघाल का?” तुम्ही वही बघता एवढं कळलं तरी बराच फरक पडतो. पालक निरक्षर असले तरी हे जमतं. वही उलटी धरलेली चालेल, जाणं महत्त्वाचं.

मारहाण, जातीवरून बोलणं किंवा रोजचा अपमान असेल तर क्रम असा: मुख्याध्यापक, व्यवस्थापन समिती, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी. लेखी द्या, तारीख घाला, पोच घ्या. राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडेही जाता येतं. मूल संकटात असेल तर १०९८ हा क्रमांक चोवीस तास चालतो. आश्रमशाळा असेल तर अर्ज आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात. तळोद्याला आणि नंदुरबारला अशी कार्यालयं आहेत.

१६. इंग्रजी माध्यमात टाकलं तर हा प्रश्न सुटेल का?

दृष्टिकोनाचा तरी नाही. तिथे अहिराणीच्या जागी मराठीला हसतात.

१७. उलटा प्रश्न. माझ्या मुलीकडून बाईंच्या फार अपेक्षा आहेत. नवोदयला लागलीच पाहिजे म्हणतात. आता तिच्या पोटात दुखतं.

अपेक्षा आणि दडपण यात गल्लत झाली आहे. अपेक्षा म्हणजे ‘तुला हे शिकता येईल, मी शिकवीन’. ‘माझं आणि शाळेचं नाव राख’ हे दडपण झालं. नवोदयच्या सहावीच्या जागा जिल्ह्याला थोड्याच आणि बसणारी मुलं हजारोंनी; तयारी चांगली असूनही नाव न लागणं ही तिथली नेहमीची गोष्ट आहे. बाईंना हे मुलीसमोर एकदा म्हणायला सांगा. पोटदुखी शनिवारी-रविवारी नसते आणि सोमवारी सकाळी असते का, तेही बघा. रोजच दुखत असेल तर आधी डॉक्टर.

१८. माझी बदली झाली. नव्या शिक्षकाला कोणती मुलं कच्ची ते सांगून जावं की नाही?

काय येतं ते सांगा, कसं आहे ते सांगू नका. ‘जोडशब्द वाचता येत नाहीत, बेरीज हातच्यापर्यंत येते, डावा कान कमी ऐकतो, दिवाळीनंतर गाव सोडतात’ हे लिहून द्या. ‘लक्ष देत नाही, घरचं वातावरण नाही, भाऊही तसाच होता’ हे स्वतःजवळच ठेवा. त्या भावाला शिकवून सहा वर्षं झाली असतील आणि या पोराचा त्यात काही संबंध नाही.

नवा शिक्षक मुलांना ओळखत नसतो तेव्हा ऐकीव मत सगळ्यात खोल बसतं. प्रश्न ३ मधले दोन आठवडे हेच. म्हणून नव्या शिक्षकांना आमचा सल्ला असा: जुना कागद घ्या, पण त्यातली फक्त तब्येतीची आणि स्थलांतराची माहिती लगेच वाचा. बाकीचं पान दुमडून ठेवा. पंधरा दिवस स्वतः वाचून घ्या, स्वतः गणितं घ्या, स्वतःची नोंद करा. मग दुमडलेलं पान उघडून दोन्ही नोंदी शेजारी ठेवा, आणि जिथे जुळत नाहीत त्या मुलांना पुन्हा एकदा वाचायला बसवा.